अट सैल झाली, गणित सुटले नाही

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातले रोहणा हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पट्ट्यातील गाव. पुलगाव-आर्वी या अरुंदमापी मार्गावर 'शकुंतला' धावत असे, तेव्हा ती याच पट्ट्यातून जाई. ती गाडी बंद पडून अनेक वर्षे लोटली. दहावीनंतर विज्ञान शाखेची वाट धरू पाहणारा येथील विद्यार्थी आता एसटीच्या भरवशावर आर्वी, पुलगाव किंवा वर्ध्याकडे पाहतो. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली. त्यामुळे पुण्या-मुंबईचा विद्यार्थी जो अर्ज भरतो, तोच अर्ज रोहण्याचा विद्यार्थीही भरतो. मात्र त्या अर्जासोबत मिळणारी माहिती दोघांना सारखी नसते. विज्ञान शाखेत प्रवेश निश्चित झाला की महाविद्यालयाच्या खिडकीवर विषयांची निवड करायची असते आणि तेथे एका प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्याच द्यावे लागते: गणित घ्यायचे की सोडायचे?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिलेले हे उत्तर पुढील अनेक वर्षे त्याची सोबत करते. बारावीला गणित नसताना विज्ञानाच्या चुरशीच्या पदवीसाठी अर्ज करता येतो का, हा प्रश्न दर वर्षी निकालानंतर शेकडो घरांत नव्याने विचारला जातो. गेल्या काही वर्षांत नियम करणाऱ्यांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. कोणी अट कायम ठेवली, कोणी सैल केली, कोणी सैल करून पुन्हा आवळली. या साऱ्या घडामोडींतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवेशाची अट काढून टाकणे आणि सुटलेला विषय शिकण्याची सोय करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीवर जेवढी चर्चा झाली त्याच्या अंशानेही दुसरीवर झालेली नाही.

गणित का सुटते?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय एकत्र घेण्याची मुभा आहे. बोलीभाषेत त्याला 'पीसीएमबी' म्हणतात. तरीही ज्याला वैद्यकीय शाखेकडे जायचे आहे तो गणित सोडतो आणि अभियांत्रिकीकडे जाणारा जीवशास्त्र सोडतो, अशी विभागणी रूढ झाली आहे. वर्धा जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षणाचे आकर्षण विशेष असणे स्वाभाविक आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून, तर सावंगीचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून कार्यरत आहे. डॉक्टर होण्याचे स्वप्न या भागातील मुलाला दूरचे वाटत नाही, आणि त्या स्वप्नाच्या मार्गात गणित लागत नाही.

प्रश्न आहे तो आकड्यांचा. २०२४ साली 'नीट' परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे वीसांपैकी साधारण एकाला जागा मिळते. दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, पशुवैद्यक असे पर्याय जमेस धरले तरी मोठा वर्ग असा उरतो, ज्याने एका परीक्षेसाठी गणित सोडले, ती परीक्षा मनासारखी गेली नाही आणि आता त्याला मूलभूत विज्ञान, संगणक, संख्याशास्त्र वा अभियांत्रिकी यांपैकी काही करावेसे वाटते. यातील अनेकांची बुद्धी गणिताला कमी पडते असे नव्हे. काहींनी शिकवणीचा खर्च टाळला, काहींना चार विषयांचा भार झेपणार नाही असे सांगण्यात आले आणि काहींना तर आपण काय सोडतो आहोत याची कल्पनाच नव्हती.

यातही एक विसंगती आहे. गणित सोडले म्हणून ते सुटतेच असे नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'गणितीय पद्धती' या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सदिश राशी आणि कलनशास्त्राची तोंडओळख करून दिलेली आहे. म्हणजे जीवशास्त्र गटाच्या विद्यार्थ्यालाही अवकलन आणि संकलन यांना सामोरे जावेच लागते. फक्त ते सावकाश शिकवणारा तास त्याच्या वेळापत्रकात नसतो.

तीन संस्था, तीन रीती

मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी देशात ज्या संस्थांकडे विद्यार्थ्यांचा ओढा आहे, त्यांचे धोरण एकसारखे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या विज्ञान पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे मुख्य विषय असावे लागतात. येथे काही वर्षे 'नीट'च्या गुणांच्या आधारेही प्रवेश मिळू शकत होता, पण गणित सोडलेल्याला त्याचा उपयोग नव्हता. त्या विद्यार्थ्याने जीवशास्त्रात कितीही प्रावीण्य मिळवले असले तरी त्याचा अर्ज पात्र ठरत नाही.

पुणे येथे २००६ साली सुरू झालेल्या 'आयसर'ने आणि तिच्या इतर शहरांतील भगिनी संस्थांनी वेगळा मार्ग धरला. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांपैकी किमान तीन विषय बारावीला असले की अर्ज करता येतो. म्हणजे गणित नसलेला विद्यार्थी पात्र आहे. मात्र अभिक्षमता चाचणीत साठ प्रश्न असतात आणि चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा. अर्ज करण्याचा हक्क मिळाला तरी एक चतुर्थांश प्रश्नपत्रिका अशा विषयाची असते, जो दोन वर्षे त्याच्या दप्तरात नव्हता. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असल्याने अंदाजाने उत्तरे देण्याचा मार्गही धोक्याचा ठरतो.

तिसरी रीत भुवनेश्वरच्या 'नायसर' आणि मुंबई विद्यापीठाच्या परिसरातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र यांची. या दोन्ही संस्थांसाठी होणाऱ्या 'नेस्ट' परीक्षेत चार विभाग असतात आणि गुणवत्ता यादीसाठी सर्वांत चांगल्या तीन विभागांचे गुण धरले जातात. येथे गणित न घेतलेल्याला उरलेल्या तीन विषयांच्या बळावर इतरांच्या बरोबरीने स्पर्धा करता येते. तिन्ही पद्धतींत सर्वाधिक उदार ती हीच.

तथापि तेथेही गणिताची गाठ पडायची ती पडतेच. अशा एकात्मिक अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षात सर्व विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या मूलभूत विषयांबरोबर गणितही शिकावे लागते. वर्गात शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षे कलनशास्त्राचा सराव केलेला असतो आणि प्राध्यापक साहजिकच तेथून पुढे सुरुवात करतात. दार उघडणाऱ्या संस्थेने पहिली पायरी कोठे ठेवली आहे, हे म्हणूनच प्रवेशाच्या अटीइतकेच महत्त्वाचे ठरते.

२०२१ चा धडा

या प्रश्नावर देशभर सर्वाधिक वादळ उठले ते मार्च २०२१ मध्ये. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या वर्षासाठीच्या आपल्या मान्यता पुस्तिकेत अभियांत्रिकी पदवीच्या पात्रतेसाठी चौदा विषयांची यादी दिली आणि त्यांपैकी कोणतेही तीन पुरेसे ठरवले. या यादीत भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र यांच्याबरोबर जीवशास्त्र, कृषी, संगणकशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि उद्योजकता असे विषय होते. गणिताविना अभियंता, अशा मथळ्यांनी वृत्तपत्रे भरली. परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल सहस्रबुद्धे यांना खुलासा करावा लागला. स्थापत्य, यंत्र, विद्युत यांसारख्या शाखांसाठी गणिताचे महत्त्व कायम आहे, राज्ये आणि विद्यापीठे आपली अट ठेवू शकतात आणि ज्यांचा पाया कच्चा आहे त्यांच्यासाठी पूरक अभ्यासक्रम असतील, असा त्याचा आशय होता.

पुढच्याच वर्षी परिषदेने भूमिका बदलली. २०२२-२३ च्या पुस्तिकेत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित या त्रयीची सक्ती नसलेल्या शाखा म्हणून वास्तुशास्त्र, फॅशन तंत्रज्ञान आणि पॅकेजिंग तंत्रज्ञान अशा तीनच उरल्या. विचार मूळचा वाईट नव्हता. जैवतंत्रज्ञान वा कृषी अभियांत्रिकीकडे वळू इच्छिणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला केवळ विषयसूचीमुळे परत पाठवू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. फसले ते त्याचे नियोजन. दार उघडल्याची घोषणा झाली, पण पूरक अभ्यासक्रम कोण शिकवणार, किती तास, त्याची परीक्षा कशी, नापास झाल्यास काय, याची उत्तरे त्या घोषणेसोबत आली नाहीत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्या सवलतीचा व्यावहारिक अर्थ आणखीच कमी होता. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत अभियांत्रिकीसाठीच्या गटाला एकूण २०० गुण असतात. त्यांपैकी १०० एकट्या गणिताचे आणि उरलेले १०० भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून. पात्रतेची अट कागदावर कितीही सैल केली तरी ज्या परीक्षेतून जागा मिळते तिचे निम्मे वजन गणिताकडे असेल, तर सवलत मिळालेला विद्यार्थी रांगेच्या शेवटीच उभा राहतो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

अट कायम असावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद दुबळा नाही. विज्ञानाच्या कोणत्याही शाखेत आज गणित टाळता येत नाही. जीवशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, ही समजूत तर केव्हाच कालबाह्य झाली. जनुकीय माहितीचे विश्लेषण, साथरोगांचा अभ्यास, पिकांवरील प्रयोगांची आखणी, औषधाच्या मात्रेचा हिशेब या साऱ्यांच्या मुळाशी संभाव्यता आणि संख्याशास्त्र आहे. गणित सोडून जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याची त्याच्याशी पुन्हा गाठ पडते. आयआयटींमधील एमएस्सीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या 'जॅम' परीक्षेच्या जैवतंत्रज्ञान प्रश्नपत्रिकेत बारावीच्या पातळीचे गणित असते, आणि 'गेट'च्या जैवतंत्रज्ञान प्रश्नपत्रिकेत अभियांत्रिकी गणिताचा स्वतंत्र विभाग असतो. सोळाव्या वर्षी टाळलेला विषय एकविसाव्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभा राहतो, आणि तेव्हा शिकवणारा कोणी नसतो.

अट नको म्हणणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच विचार करण्याजोगे आहे. बारावीला कोणते विषय होते यावरून विद्यार्थ्याची क्षमता कळत नाही, त्याला कोणती संधी उपलब्ध होती एवढेच कळते. शहरातील पालक अकरावीच्या आधीच समुपदेशकाचा सल्ला घेतात आणि 'दोन्ही दारे उघडी राहावीत' म्हणून चारही विषय घ्यायला लावतात. हा सल्ला ग्रामीण विद्यार्थ्यापर्यंत बहुधा पोहोचत नाही. पोहोचला तरी चौथ्या विषयासाठीचा वेळ रोजच्या प्रवासात जातो आणि शिकवणीसाठीचा पैसा हंगामाच्या भावावर अवलंबून असतो. गणिताची अट अशा वेळी गुणवत्तेची चाळणी न राहता माहितीची आणि ऐपतीची चाळणी बनते.

ही चर्चा केवळ भारतातच होते असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी उच्च बीजगणिताऐवजी विदाविज्ञानाचे काही शालेय अभ्यासक्रम ग्राह्य धरले होते. विद्यापीठांतील प्राध्यापकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतल्यानंतर जुलै २०२३ मध्ये ती सवलत मागे घेण्यात आली. अशा अभ्यासक्रमांतून आलेल्या विद्यार्थ्यांची विज्ञान-अभियांत्रिकीसाठी तयारी होत नाही, हा मुख्य आक्षेप होता. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी दुसरा मार्ग निवडला. शाळेत पुढचे गणित न घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी तेथे पदवीच्या आधी एक पायाभूत वर्ष असते. ते उत्तीर्ण झाला की तो इतरांबरोबर पहिल्या वर्षात दाखल होतो. अट तीच राहते, ती पूर्ण करण्याची मुदत तेवढी वाढते.

औषधनिर्माणशास्त्राची वाट

असा मार्ग शोधण्यासाठी ब्रिटनला जाण्याची गरज नाही. तो आपल्याकडे बी. फार्म.च्या अभ्यासक्रमात कित्येक वर्षे रुळलेला आहे. या पदवीसाठी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र आवश्यक असून तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही चालतो. भारतीय भेषजी परिषदेच्या नियमांनुसार पहिल्या सत्रात जीवशास्त्र गटातून आलेल्या विद्यार्थ्याला उपचारात्मक गणित आणि गणित गटातून आलेल्याला उपचारात्मक जीवशास्त्र शिकावे लागते. जे राहिले आहे ते भरून घ्यायचे आणि मग सर्वांनी एकत्र पुढे जायचे, इतकी ही साधी व्यवस्था आहे. तिला अभ्यासक्रमात जागा आहे, तास आहेत, परीक्षा आहे. कोणाच्याही गुणवत्तेवर त्यामुळे शंका घेतली जात नाही, कारण दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना आपापली उणीव भरून काढावी लागते.

वैद्यकीय क्षेत्रानेही उलट दिशेने असाच एक निर्णय घेतला. बारावीला जीवशास्त्र नसलेल्या विद्यार्थ्याला पूर्वी वैद्यकीय प्रवेश जवळपास अशक्य होता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून, बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यालाही 'नीट'ला बसता येईल, असे स्पष्ट केले. अभियांत्रिकीच्या वाटेवर निघालेल्याला मागे वळून डॉक्टर होता येते, तर डॉक्टरकीच्या वाटेवरून परतलेल्याला गणिताकडे सन्मानाने वळता यावे, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

त्यासाठीची चौकट राज्य मंडळाकडे काही अंशी आहेच. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला 'तुरळक विषय' घेऊन मंडळाच्या परीक्षेस प्रविष्ट होता येते. मंडळाच्या दर वर्षीच्या प्रसिद्धिपत्रकात या वर्गाचा उल्लेख एका ओळीत असतो आणि बहुतेक पालकांचे त्याकडे लक्षही जात नाही. जीवशास्त्र गटातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याने एक वर्ष देऊन गणित आणि संख्याशास्त्राची परीक्षा दिली, तर त्याची उणीव निदान कागदावर भरून निघते. ज्या संस्थेत प्रवेश घ्यायचा आहे तिच्या त्या वर्षीच्या नियमावलीत असा विषय ग्राह्य आहे का, हे मात्र अर्ज करण्यापूर्वीच तपासून घेतले पाहिजे. खरी अडचण पुढची आहे. परीक्षेचा अर्ज भरता येतो, पण शिकवणार कोण? आर्वी वा पुलगावसारख्या ठिकाणी अशा विद्यार्थ्यांसाठी सुटीतील वा सायंकाळचा गणिताचा वर्ग चालवणे कनिष्ठ महाविद्यालयांना अशक्य नाही. त्याला शासनाची मान्यता आणि शिक्षकांना मानधन हवे. नवी इमारत वा नवी संस्था त्यासाठी लागत नाही.

शेरा कायमचा नको

या प्रश्नाची मुळे अकरावीच्याही मागे जातात. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेण्याचा पर्याय राज्य मंडळाने काही वर्षे दिला आणि पुढे बंद केला. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक ठेवता येईल का, अशी विचारणा शिक्षण मंडळांकडे केली होती. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे गणिताचे दोन स्तर आणले. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील आणखी एका तरतुदीची चर्चा झाली. गणित वा विज्ञानात ३५ ऐवजी किमान २० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला दहावी उत्तीर्ण समजावे, मात्र त्याला पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, अशी ती तरतूद.

एका विषयामुळे मुलाचे शिक्षणच थांबू नये, हा यामागील विचार स्वागतार्ह आहे. परंतु पंधराव्या वर्षीचा शेरा पंचविसाव्या वर्षीही तसाच राहणार असेल, तर ज्या मुलाला वाचवायचे त्यालाच आपण एका कोपऱ्यात उभे करतो. कोणत्याही सवलतीसोबत ती सवलत परत करून मूळ वाटेवर येण्याचा मार्ग लिहिलेला असला पाहिजे.

वर्धा जिल्ह्याला या संदर्भात एक वारसा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम'चा विचार पुढे आला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात गणिताला सूट नव्हती. उलट हस्तव्यवसाय आणि घरसंसार यांत उभ्या राहणाऱ्या प्रश्नांशी ते जोडले होते. सूतकताईतून मोजमाप आणि हिशेब शिकावा, अशी ती कल्पना होती. त्या योजनेचे पुढे जे झाले ते झाले. पण गणित कोणाला झेपते हे ठरवण्याआधी ते कसे शिकवले जाते हे पाहावे, ही तिची शिकवण आजही लागू आहे. कापसाच्या क्विंटलचा भाव, एकरी खर्च आणि पिकाचा विमा यांचे गणित ज्या घरात रोज मांडले जाते, त्या घरातील मुलाला गणित जमणारच नाही असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. अकरावीच्या ऑनलाइन अर्जासोबतच, कोणता विषय सोडल्यास कोणत्या पदव्यांचा मार्ग बंद होतो, हे सांगणारे एक पान मराठीत दिले जावे. तुरळक विषय म्हणून गणिताला बसणाऱ्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी अध्यापनाची सोय असावी. ज्या विद्यापीठांना गणिताची अट सैल करायची आहे त्यांनी औषधनिर्माणशास्त्राप्रमाणे पहिल्या सत्रातच त्या विषयाचे तास, शिक्षक आणि परीक्षा जाहीर करावी. आणि ज्यांना अट ठेवायची आहे त्यांनी ती बारावीनंतर पूर्ण करण्याचीही मुभा द्यावी.

यांतील पहिल्या गोष्टीला तर खर्चही नाही. पुढील जून महिन्यात रोहण्याचा एखादा विद्यार्थी महाविद्यालयाच्या खिडकीवर विषयांच्या रकान्यात खूण करील, तेव्हा त्या खुणेचा अर्थ त्याला आधी कोणी सांगितला होता का, यावर बरेच काही ठरणार आहे.